'ऑर्ग-मोड' आणि मराठीचा लिंगविचार

खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये आरंभिलेले 'ऑर्ग-मोड' हे कार्ययोजनेचे साधन 'ईमॅक्स' या संपादकात चालते. साध्या मजकुराच्या फाइलीतून ते पीडीएफही सिद्ध करते. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील पाट्यांची भाषिक पाहणी त्यात आखली, तर दोन दोष संभवतात.

पहिला मुद्रणाचा होय. मूळ योजनेतील 'पीडीएफलाटेक'मुळे पीडीएफ निघते, पण देवनागरी अक्षरे गळतात. म्हणजे पुरावाच नाहीसा होतो. त्याऐवजी 'झीलाटेक' योजावे, मुंबईच्या आयआयटीत सिद्ध झालेला 'शोभिका' टंक नेमावा व लिपी देवनागरी असल्याचे नोंदवावे. मग जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यथास्थित उमटतात.

दुसरा दोष व्याकरणाचा, आणि अधिक मूलगामी आहे. शीर्षकाआधी येणारा इंग्रजी स्थितिशब्द अविकारी असतो. त्याजागी 'झाले' योजल्यास 'पाहणी झाली', 'तक्ता झाला' हा लिंगभेद मोडतो. म्हणून 'शेष' आणि 'पूर्ण' हे अविकारी शब्द स्वीकारणे इष्ट. 'शेष पाहणी', 'पूर्ण तक्ता' असे ते सहज वाचले जातात. स्थितिशब्द बदलण्याची मुभा साधन देते. निवड मात्र मराठीच्या व्याकरणानेच करावी लागते.