गेनिझांतील पत्रें व विद्यार्थ्यांचें वाचन

ईश्वराचें नांव ज्यावर असेल असा कागद यहूदी लोक नष्ट करीत नाहींत. तो 'गेनिझा' नांवाच्या कोठडींत टाकून ठेवितात. जुन्या कैरोंतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या गेनिझांतून सॉलोमन शेख्टर यांनीं इ. स. १८९६-९७ मध्यें जे तुकडे केंब्रिजला नेले त्यांची गणना सुमारें १,९३,००० भरते. त्यांत धर्मग्रंथांबरोबर हिशेब, करारनामे व खाजगी पत्रेंही निघालीं. एस. डी. गोइटाइन (मृत्यु १९८५) यांनीं त्यांवरून मध्ययुगीन समाजाचें चित्र उभें केलें, आणि १९८६ पासून प्रिन्स्टन विद्यापीठांत त्यांच्या नकला संगणकावर घेण्याचें कार्य सुरू झालें. यहूदी विद्येचे तरुण विद्यार्थी तेथें प्राध्यापकांच्या शेजारीं बसून मूळ पत्रें लावतात. त्यांचें वाचन सर्वांस पाहण्यास खुलें असतें. ही पद्धति स्तुत्य होय. विद्यार्थ्याची चूकही उघड्यावर असली म्हणजे ती दुरुस्त होते.

तथापि एका उणिवेकडे लक्ष वेधणें अवश्य वाटतें. ह्या पत्रांची भाषा बहुधा अरबी, लिपि हिब्रू, आणि स्वरचिन्हें बहुतेक गाळलेलीं. अरबी शब्द व्याकरणाच्या बळावर लागतो. परदेशी विशेषनामास तो आधार नाहीं. मंगळुरास राहिलेला अब्राहम बेन यिजू हा व्यापारी पहा. इ. स. १९३२ च्या बरोबर आठशें वर्षें आधीं, म्हणजे ११३२ मध्यें, त्यानें आशू नांवाच्या दासीस मुक्त केल्याचा लेख उपलब्ध आहे. त्याच्या एका सेवकाचें नांव ब-म-ह अशा तीन अक्षरांत येतें. गोइटाइन यांनीं तें 'बामा' असें वाचून 'ब्रह्मा' शब्दाशीं जोडलें. पुढें अमिताव घोष यांनीं १९९२ च्या आपल्या ग्रंथांत, मंगळूरकडील अभ्यासकाच्या साह्यानें, 'बोम्मा' हें वाचन सुचविलें. मुळाशीं देवता एकच असेलही. पण दुसऱ्या वाचनानें त्या मनुष्यास तुळु प्रांत व तेथील बोली लाभली. हें साह्य यहूदी विद्येच्या वर्तुळाबाहेरून आलें, हें ध्यानांत धरण्याजोगें आहे. हिब्रू, अरबी व अरामी ह्यांच्या जोडीस पश्चिम किनाऱ्याची एखादी भाषा जाणणारा सहाध्यायी त्या मेजाशीं बसला पाहिजे.

संशयित पाठ कसा दाखवावा ह्याचा धडा आपल्याकडेच आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तींत अनिश्चित पाठाखालीं नागमोडी रेघ असते. प्रत्येक भारतीय नांवाखालीं तशी रेघ ओढल्यास विद्यार्थ्याची प्रतिष्ठा उणी न होतां वाढेलच.

आतां स्वकीयांस दोन शब्द. मोडींतही ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत, आणि व्यक्तिनामांचे घोटाळे आपणांसही नवे नाहींत. प्रस्तुत लेखकानें शाळेंतील नोकरीच्या काळांत एका गृहस्थांकडे दप्तर पाहण्यास मागितलें; "पुढें पाहूं" असें उत्तर मिळालें. कांहीं वर्षांनीं पेटी उघडली तों वाळवीनें कागदांची माती केली होती. कैरोच्या कोठडींतील रद्दी परक्या मुलांच्या हातीं पडून बोलूं लागली. आपल्या कुलुपांतील दप्तरें मुकींच राहिलीं. संग्राहकांनीं दोन होतकरू विद्यार्थ्यांस घरीं बोलावून पेटी उघडावी. ते चुकतील, आपण शेजारीं बसून सुधारावें.