पाठशुद्धी आणि पूर्वस्थिती

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण देवळाप्रमाणे ग्रंथासही लावतो. परंतु ग्रंथ ‘पूर्ववत् केला’ असे म्हणताना नेमकी कोणती पूर्वस्थिती अभिप्रेत असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ (इ. स. १२९०) ची, एकनाथांनी तिची शुद्धी केली ती शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये. त्यांची भूमिका समाप्तीच्या ओव्यांवरून स्पष्ट होते : मूळ ग्रंथ शुद्ध होता, पाठांतरांमुळे त्यात अबद्धे शिरली, ती दूर केली, यापुढे कोणी त्यात स्वतःची ओवी घालू नये. या कार्याचे मोल निःसंशय मोठे आहे. परंतु कोणते पाठ त्याज्य ठरले व का, याची नोंद त्यांनी ठेवली नाही. ग्रंथ पारायणासाठी सिद्ध करावयाचा होता, तेव्हा त्यांच्याकडून तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. तथापि त्यामुळे एकनाथी प्रतीवरून तिच्यामागील पाठाकडे जाण्याची वाट बंद होते, हे मान्य केले पाहिजे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेली प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा ही वाट पुन्हा उघडल्यासारखे अनेकांना वाटले. त्यांचा मुख्य आधार भाषेच्या जुनेपणाचा. पण जुनी रूपे आढळली म्हणजे पाठ मूळचाच ठरतो काय? हौशी लेखनिकही शब्दांना जुने वळण देऊ शकतो. शिवाय एकाच प्रतीवर सारा भार टाकला, की तिचे दोष ओळखावयास दुसरा साक्षीदार उरत नाही. राजवाड्यांची व्याकरणदृष्टी असामान्य होती. त्यांचा निष्कर्ष मात्र पुराव्याच्या पुढे धावतो, असे आमचे मत आहे.

सुखटणकरांनी भांडारकर संस्थेच्या महाभारतात निराळा मार्ग स्वीकारला. ते व्यासांचे मूळ शब्द देण्याचा दावा करीत नाहीत. उपलब्ध हस्तलिखितांच्या तुलनेने जेथवर मागे जाता येते तेथवरचाच पाठ ते देतात. संशयास्पद शब्दांखाली नागमोडी रेघ, वगळलेले श्लोक तळटीपांत वा परिशिष्टांत : म्हणजे संपादकाचा हात कोठे फिरला हे वाचकाला पानावरच दिसते. सिल्व्हाँ लेव्ही यांनी नीलकंठी पाठच छापून खाली पाठभेद द्यावेत, असे सुचविले होते. या सूचनेत तथ्य आहे, कारण नीलकंठी पाठ निदान लोकांनी प्रत्यक्ष वाचलेला होता. चिकित्सित पाठ मात्र त्याच स्वरूपात कोणत्याही एका पोथीत सापडत नाही. परंतु नीलकंठ सतराव्या शतकातला. त्याच्या पाठावर थांबणे म्हणजे त्यामागची शतके सोडून देणे होय. सुखटणकरांनी ही सूचना स्वीकारली नाही, ते योग्यच झाले.

याच न्यायाने एकनाथी पाठ ‘भ्रष्ट’ म्हणून बाजूस सारणेही चूक ठरेल. १२९० मधील ग्रंथासाठी तो अपुरा असेल. १५८४ मध्ये पैठणला ज्ञानेश्वरी कशी वाचली जावी असे ठरले, याचा त्याहून चांगला पुरावा दुसरा नाही. वारकरी परंपरेने पुढे जी ज्ञानेश्वरी पाठ केली, तिचा उगमही तेथेच शोधावा लागतो.