चित्रगत पोशाखाचें प्रामाण्य

जुन्या सेनांच्या पोशाखाविषयीं लिहिणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे सेनानायकांच्या रंगीत तसबिरी. कापडास कसर लागते, जर गाळून विकली जाते; तसबीर मात्र टिकते. म्हणून तींत जें दिसेल तें जसेंच्या तसें प्रमाण मानण्याकडे अभ्यासकांचा कल होतो. ही पद्धति आम्हांस सदोष वाटते. पोथीची एकच प्रत पाहून पाठ ठरविणाऱ्यास आपण संशोधक म्हणत नाहीं. मग तसबिरीस वेगळा न्याय कां?

दाविद या फ्रेंच चित्रकाराचें, बोनापार्ट आल्प्स पर्वत ओलांडीत असल्याचें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. उधळलेला घोडा, वाऱ्यावर फडफडणारा झगा आणि अंगावर सेनापतीचा पोशाख. शिक्षकी करीत असतां आम्हींही हें चित्र दाखवून ‘बोनापार्ट असा गेला’ असें मुलांस सांगत असूं. तें असत्य होतें. १८०० च्या मे महिन्यांत तो खेचरावर बसून घाट चढला. चित्रासाठीं समोर बसण्यासही त्यानें नकार दिला. तथापि मारेंगोच्या लढाईंत (१४ जून १८००) वापरलेला आपला गणवेश व टोपी त्यानें चित्रकारास दिली. म्हणजे प्रसंग कल्पित, परंतु अंगरखा प्रत्यक्ष पाहून काढलेला!

तर मग झग्याचें काय? दाविदानें व त्याच्या चित्रशाळेनें १८०१ ते १८०५ या काळांत या चित्राच्या पांच प्रती केल्या. मालमेझों येथील पहिल्या प्रतींत झगा पिवळसर व घोडा अबलख आहे. शार्लोटेनबुर्ग येथील दुसरींत झगा तांबडा व घोडा तांबूस. हा निव्वळ पाठभेद होय. एकाच प्रतीवरून झग्याचा रंग सांगणारा फसला म्हणून समजावें.

पुढें दलारोश यानें तोच प्रसंग खेचरासह रंगविला. प्रसंग खरा, परंतु १८०० मध्यें हा चित्रकार तीन वर्षांचाही झाला नव्हता. त्यानें काढलेल्या करड्या डगल्यास शब्दप्रमाणाहून अधिक योग्यता देतां येत नाहीं.

तिसरें उदाहरण असईच्या लढाईमुळें (१८०३) आपल्या परिचयाच्या वेलस्लीचें. पुढें वेलिंग्टन झालेल्या या सेनापतीचें चित्र गोया यानें १८१२ त माद्रिद येथें, त्यास समोर पाहून काढलें. तें आज लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहांत आहे. परंतु १८१४ त गोयानें छातीवरील मानचिन्हांत फेरफार केले. चेहरा एका सालचा, पदकें दुसऱ्या सालचीं! पोथींत याला आपण प्रक्षेप म्हणतों. फरक इतकाच कीं, येथें प्रक्षेपकर्ता खुद्द मूळ ग्रंथकारच आहे.

यावरून सर्वच तसबिरी त्याज्य ठरतात, असें आमचें म्हणणें नाहीं. दाविदाचा अंगरखा आम्हांस मान्य आहे. सांगावयाचें तें इतकेंच कीं, साक्ष संपूर्ण चित्राची घेऊं नये, एकेका वस्त्राची घ्यावी. तें वस्त्र चित्रकारानें समोर ठेवून काढलें काय? इतर प्रतींत तें तसेंच आहे काय? मागाहून त्यावर रंग चढविला आहे काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून वस्त्रावरून साल ठरवूं नये.

जेम्स वेल्स यानें १७९० नंतरच्या कांहीं वर्षांत पुण्यास राहून पेशवे दरबारच्या पुरुषांचीं चित्रें त्यांस समक्ष पाहून काढलीं. तसलें एकादें चित्र आणि त्यावरून मागाहून केलेली नक्कल यांतील पगडी व अंगरखा सारख्याच योग्यतेचे धरणें न्याय्य होणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं सरदारांच्या तसबिरी आहेत, त्यांनीं मागील बाजूचा मजकूर, पूर्वीच्या धन्याचें नांव व इतर प्रतींशीं असलेला भेद तसबिरीसोबतच नोंदवून ठेवावा, अशी आमची विनंती आहे. ही नोंद एकदां हरवली म्हणजे पुढच्या पिढीच्या हातीं केवळ सुंदर रंग राहतील. पुरावा राहणार नाहीं.