17 सप्टेंबरला थांबलेली गोष्ट

रझाकारीचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धुमाकुळीचा काळ धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, घराघरांत सांगितला गेला. मराठी कथा-कादंबरीत आणि पडद्यावर तो शोधायला जावं, तर हाताला फार थोडं लागतं. निजामाविरुद्धच्या लढ्याचे इतिहास, आठवणी, गौरवग्रंथ उदंड आहेत. अनंत भालेरावांनी, स्वामी रामानंद तीर्थांनी लिहून ठेवलं म्हणून लढा तरी कळतो. पण त्या काळात गावात माणसं कशी जगली, पेवातली ज्वारी कुणापासून लपवली, रातोरात गाडी जुंपून निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीकडे निघताना मागे कुणाला ठेवलं, हे काम कादंबरीचं होतं.

ते अवघड आहे, हेही खरं. इथे परकी फौज येऊन बसली नव्हती. निजामाचं राज्य पिढ्यान्‌पिढ्यांचं, आणि गावावर चालून येणाऱ्यांत ओळखीचे चेहरे असत. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करणारा, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच. इटलीच्या ताविआनी बंधूंच्या 'द नाइट ऑफ द शूटिंग स्टार्स' (1982) या चित्रपटात गव्हाच्या उभ्या पिकात फॅसिस्ट आणि त्यांचे विरोधक समोरासमोर येतात. सगळे एकाच मुलखातले. एकमेकांना नावानिशी ओळखतात आणि तरी मारतात. आपल्याकडे असा प्रसंग लिहायला ज्वारीचं रान होतं, माणसं होती, लिहिणारा नव्हता.

ना. धों. महानोरांची 'गांधारी' हा ठळक अपवाद. कवीची कादंबरी असल्यानं शिवार तिथे नुसता पडदा होऊन मागे टांगलेलं राहत नाही. पण ती अजिंठ्याकडची. बालाघाटाच्या या बाजूला, सोलापूरच्या हद्दीला लागून असलेल्या गावांचं जगणं निराळं होतं. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, हाली सिक्का; पलीकडे इंग्रजी हद्दीत कलदार रुपया. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. बाजार बार्शीचा, कचेरी उस्मानाबादची, कचेरीतले कागद उर्दूत. एवढ्या सामग्रीवर दुसऱ्या एखाद्या भाषेनं दोन-तीन कादंबऱ्या उभ्या केल्या असत्या.

चित्रपटांचं तर विचारूच नका. राज दुर्गे यांचा 'रझाकार' 2015 साली आला, सिद्धार्थ जाधव होता, विषय धाडसानं उचलला होता; चर्चा मात्र टिकली नाही. 2024 चा तेलुगू 'रझाकार' आवाजानं आणि रक्तानं इतका भरलेला, की त्यात गाव दिसायला जागाच उरत नाही. त्यापेक्षा गौतम घोष यांचा जुना 'मा भूमी' पाहावा. कृष्णचंदर यांच्या उर्दू कादंबरीवरून बंगाली दिग्दर्शकानं केलेला हा तेलुगू चित्रपट जमीन आणि वेठ यांपासून सुरू होतो, त्यामुळे सत्तेचं ओझं नेमकं कुणाच्या पाठीवर होतं ते कळतं.

आपल्या सगळ्या गोष्टी थांबतात त्या 17 सप्टेंबर 1948 ला. 13 तारखेला सोलापूरकडून भारतीय फौज नळदुर्गात शिरली, पाचव्या दिवशी निजाम शरण आला, तिरंगा चढला, संपलं. नंतरच्या आठवड्यांत काय झालं ते पंडित सुंदरलाल समितीनं त्याच वर्षअखेर संस्थानात फिरून नोंदवलं. तिच्या अंदाजानं 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, बहुतांश मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. एकट्या लातुरात वीस दिवसांहून अधिक कत्तल चालल्याचं समितीनं लिहिलं. अहवाल कित्येक दशकं सरकारी कपाटात राहिला, ही सबब इतिहासकाराला चालेल. लेखकाला कशी चालावी? गावाला तर सगळं ठाऊकच होतं. रझाकारांचे अत्याचार खरे, म्हणून पुढचं लिहू नये, हा हिशेब राजकारणाचा.

त्याच अहवालात एक गोष्ट अर्धीमुर्धी लिहून सोडली आहे. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकरांना हिंदूंच्याच जमावापासून वाचवलं, त्यात काहींनी स्वतःचा जीव घालवला. समितीनं नावं दिलेली नाहीत, गावही नाही. इतिहासकार तिथे अडतो. कादंबरीकाराला माग, सूत आणि ती आळी एवढ्यावर सुरुवात करता येते.