वसईची वाडी आणि गोदाकाठचे रान : मराठी कॅथलिक लेखनातील शेतकरी

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना समीक्षकांचे लक्ष साधारणपणे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) आणि रेव्हरंड टिळकांची कविता या दोन स्थळांवर स्थिरावते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांत वसईची भर पडली. ‘सुवार्ता’ हे मासिक आणि १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादन करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे लेखन यांमुळे कॅथलिक शेतकरी कुटुंब मराठी गद्यात ठसठशीतपणे उभे राहिले. मात्र हे कुटुंब वसईचे आहे. परभणीसारख्या जिल्ह्यात हे लेखन वाचणाऱ्यास गोदाकाठचा कॅथलिक त्यात का दिसत नाही, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. प्रस्तुत लेखात या अनुपस्थितीचा विचार केला आहे. ती केवळ वाङ्मयीन उणीव आहे, असे मानणे पुरेसे नाही, हे दाखविणे हा लेखाचा हेतू आहे.

प्रथम वसईचे सामर्थ्य मान्य केले पाहिजे. १५३४ पासून १७३९ पर्यंतच्या पोर्तुगीज अमलात येथील शेतकरी समाजातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. परंतु वाडी, विहीर, बावखल आणि बोली त्यांच्याकडेच राहिली. केळी, विड्याची पाने, फुले, भाजीपाला यांवर उभे असलेले हे बागायती जीवन आणि चर्चचा घंटानाद यांची सांगड इतकी घट्ट आहे की, येथे धर्मग्राम म्हणजे जवळजवळ गावच होय. १९१८ साली मोन्सिन्योर मोनीस यांच्या प्रेरणेने स्थापन झालेली कॅथलिक पतसंस्था पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून वाढली. सावकाराशिवाय शेती करता येते, हा अनुभव धर्मग्रामाने शेतकऱ्याला दिला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला व १९९० मध्ये सिडकोकडे नियोजनाचे अधिकार आले, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहू शकली, त्याचे कारण हेच. माणसे जमविण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागली नाही; ती रविवारी जमतच होती.

दिब्रिटो यांच्या ‘नाही मी एकला’ या आत्मकथनात या लढ्याचे चित्रण आहे. त्यांच्या गद्याची खरी ताकद वर्णनात नाही, नैतिक आग्रहात आहे. जमीन ही वारसा आहे, विक्रेय वस्तू नाही, ही भूमिका ते ठामपणे मांडतात, आणि धर्मगुरूने पाण्यासाठी रस्त्यावर उतरावे की नाही या जुन्या प्रश्नाला आचरणाने उत्तर देतात. तरीही या लेखनाच्या दोन मर्यादा जाणवतात. बिल्डर, टँकरवाला आणि राजकारणी यांच्यावर त्याचा प्रकाश जितका पडतो, तितका जमीन विकणाऱ्या शेतकऱ्यावर पडत नाही. वाडी विकली गेली ती अनेकदा घरच्याच सहीने. भावांतील वाटण्या, मुलांची शहरातील नोकरी, चढते दर यांचा त्यात वाटा होता. दुसरे असे की, वाडीत राबणारा आदिवासी मजूर या हरित चित्रात पार्श्वभूमीला राहतो. मालकीची शेती हे या लेखनाचे गृहीतक आहे. गृहीतकाविषयी कोणी फारसे लिहीत नाही, हे खरे. पण मराठवाड्याच्या वाचकाला अडते ते नेमके तेथेच.

गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील कॅथलिक परंपरा वसईच्या तुलनेत अलीकडची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यात जेझुइट आणि निजामी मुलखातील घोगरगाव परिसरात फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे धर्मगुरू काम करू लागले. राहुरी तालुक्यातील केंदळ या खेड्यातून हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. मराठी कॅथलिक नियतकालिकाचा जन्म अशा कोरडवाहू खेड्यात झाला, ही बाब आपल्या वाङ्मयेतिहासांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी होती. मराठवाड्यासाठी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) हा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ मध्ये झाला. परभणी जिल्हा त्यातच येतो. येथे ख्रिस्ती झाली ती प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतील कुटुंबे. त्यांच्यापाशी वाडी नव्हती. असलीच तर गावकीच्या कामाच्या मोबदल्यातील वतनी तुकडा होता, किंवा दुसऱ्याच्या रानातील मजुरी. वसईत शेतकरी ख्रिस्ती झाला. गोदाकाठी शेतमजूर ख्रिस्ती झाला.

हा भेद पुढे कायद्याने अधिक खोल केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गात होते. शेतीच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे एका योजनेवरून स्पष्ट होते. २००४ साली सुरू झालेली कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना भूमिहीन कुटुंबास चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देऊ करते. पण ती अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठी आहे. त्याच वस्तीतील, त्याच आडनावाचे, तितकेच भूमिहीन कुटुंब कागदोपत्री ख्रिस्ती असेल, तर ते पात्र ठरत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये दर्जाची धर्माशी असलेली ही सांगड सोडविण्याची शिफारस केली. ती अमलात आलेली नाही.

परिणामी अनेक कुटुंबांना दोन नावांनिशी जगावे लागते : चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे. अशा स्थितीत आत्मकथन लिहिणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणे होय. वसईचा लेखक ‘मी कॅथलिक शेतकरी’ असे सहज लिहू शकतो, कारण त्याचा सातबारा त्या वाक्यावर अवलंबून नाही. मराठवाड्यातील भूमिहीन कॅथलिकाला ते वाक्य महागात पडू शकते. दलित आत्मकथनांच्या बहरातही हा आवाज क्षीण का राहिला, याचे एक महत्त्वाचे कारण येथे शोधले पाहिजे. केवळ शिक्षणाचा अभाव किंवा धर्मसंस्थेचा धाक ही स्पष्टीकरणे अपुरी वाटतात. ‘निरोप्या’ची भूमी निरक्षर नव्हती.

धर्मग्रामाचे स्वरूपही येथे निराळे आहे. एका धर्मगुरूकडे दूरदूरची अनेक गावे, आणि गावोगावी प्रार्थना चालविणारा मास्तर. त्यात ऊसतोडीचा हंगाम. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले कोयते कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नाताळ याच हंगामात येतो. म्हणजे तोडणीला गेलेल्या ख्रिस्ती जोडप्याचा सर्वांत मोठा सण कोपीत किंवा फडात जातो, आणि गावातील चर्चमध्ये म्हातारी माणसे उरतात. वसईच्या लेखनातील नाताळ घराच्या अंगणात आणि नातलगांच्या मेळ्यात साजरा होतो; त्याच धर्माच्या पंचांगाला येथे साखर कारखान्याच्या वेळापत्रकापुढे माघार घ्यावी लागते. या विषयावर एखादी कादंबरी सहज उभी राहिली असती.

हरेगावचे उदाहरण याला जोडून पाहण्यासारखे आहे. मतमाउलीच्या सप्टेंबरमधील यात्रेमुळे हे गाव मराठवाड्यातील कॅथलिकांनाही परिचित आहे. पण हरेगाव हे बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचे आणि खंडकरी शेतकऱ्यांच्या प्रश्नाचेही गाव. शेती महामंडळाकडे गेलेली जमीन दीर्घ लढ्यानंतर खंडकऱ्यांना परत मिळू लागली. परतीचा हक्क मूळ मालकांच्या वारसांचा होता, त्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या मजुरांचा नव्हता. कामिल पारखे यांच्या पत्रकारितेतून श्रीरामपूर-हरेगावचे हे ख्रिस्ती जग काही प्रमाणात समोर आले आहे. ललित साहित्याने मात्र यात्रा पाहिली, मळा पाहिला नाही.

शेतीविषयक चर्चप्रेरित कामांत फादर हर्मन बाखर यांच्या पाणलोट विकासाचा उल्लेख अपरिहार्य आहे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उपचार, श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ही त्यांची पद्धत १९८९ च्या इंडो-जर्मन कार्यक्रमातून रुजली. ती सर्वधर्मीय गावांसाठी होती, हे तिचे मोठेपण. तथापि पाणी अडले की प्रथम ज्याची जमीन त्याची विहीर भरते, आणि चराईबंदीची झळ प्रथम शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीनाला लागते. ज्या समाजात चर्चची मुळे होती, त्यालाच चर्चप्रेरित उत्तम शेतीकार्याचा लाभ सर्वांत उशिरा पोहोचण्याची शक्यता होती. या विसंगतीची चर्चा आपल्याकडे अभावानेच झाली.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (धाराशिव) येथील त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटो होते. प्रकृती साथ देत नसतानाही ते आले. निवडीवरून धर्मांतराच्या वादाचा धुरळा उडाला; पण ज्या धर्मप्रांतात ते संमेलन भरले होते, तेथील ख्रिस्ती शेतमजुरांबद्दल त्या वादात दोन्ही बाजूंनी फारसे कोणी बोलले नाही.

महाविद्यालयीन संशोधनाला येथे वाव आहे. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या आणि जुन्या ‘निरोप्या’तील खेड्यांची वार्तापत्रे यांचे वाचन ऊसतोड टोळ्यांच्या हंगामी स्थलांतराच्या संदर्भात करता येईल. मौखिक कथने घेताना मात्र नाव न देण्याची मुभा सांगणाऱ्याला आधीच द्यावी लागेल. अशा अभ्यासात ती शिष्टाचाराची बाब नाही. त्या कुटुंबाचा दाखला, शिष्यवृत्ती आणि क्वचित दोन एकर जमीन तिच्यावर अवलंबून असते.