निळ्या कोटाचं वाचन

फ्रेंच कामगाराचा जुना निळा कोट हाती आला की आधी त्याचे खिसे पाहावेत. कमरेपाशी दोन मोठे, डाव्या छातीवर एक. तिन्ही बाहेरून शिवलेले. हात खाली सोडला की बोटं थेट खिशात जातात, पाना किंवा मोजपट्टी न बघता सापडते. खांद्यात भरण नाही, लोंबणारं काही नाही, गळपट्टी आखूड. इथली प्रत्येक शिवण काम करणाऱ्या अंगाचा विचार करून घातलेली आहे. या कोटाचं देखणेपण मला तिथेच दिसतं.

कापड बहुधा मोलस्किन, म्हणजे बाण्याचे धागे ठासून विणलेलं जाड, गुळगुळीत सुती कापड. ठिणगी आणि वारा दोन्हींना ते पुरून उरतं. रंग निळीचा किंवा तिच्या जवळचा. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीला उतरती कळा लागली. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, वरवर बसते. म्हणून जिथे घर्षण, तिथे आतलं पांढरं सूत उघडं पडतं.

कोटाचा खरा मजकूर या पांढऱ्या जागांमध्ये आहे. उजवी बाही डावीपेक्षा विरली असेल, तर घालणारा बहुधा उजवा. गळपट्टी उलटावी, खाली पहिल्या दिवसाचा गडद निळा अजून टिकलेला असतो. उसवून गेलेल्या खिशाच्या जागी तसाच गडद चौकोन उरतो. कोपरावर वेगळ्याच निळ्या कापडाचं ठिगळ, आणि त्याचे टाके इतके जवळजवळ की लावणाऱ्या हाताची काळजी कळावी. नाव कुठेच नाही, तरी दोन माणसं भेटतात: घालणारा आणि सांधणारा.

नगरच्या सावेडीत राहणाऱ्याला ही लिपी परकी नाही. मनमाड रस्त्याने पुढे गेलं की नागापूरची एमआयडीसी. शिफ्ट सुटली की कंपनीच्या गणवेशातली माणसं याच रस्त्याने परततात. शहरात रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्रही आहे आणि १९९४ पासूनचं रणगाडा संग्रहालयही. या दलाची काळी डांगरी आणि काळी बेरे टोपी ब्रिटिश रणगाडा दलाच्या परंपरेतली. तिथे १९२४ मध्ये टोपीसाठी काळा रंग मंजूर झाला, कारण त्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत. आज ज्याला रुबाब म्हणतो, त्याच्या मुळाशी वंगणाने माखलेले हात आहेत.

न्यूयॉर्कचे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम असाच निळा कोट घालून सायकलवर फिरत आणि रस्त्यावरच्या लोकांचे कपडे टिपत. फॅशनच्या जगात वावरतानाही त्यांनी कामाचा कोट कामासाठीच वापरला. संग्राहकानेही तेच करावं. कपाटात कोंडण्यापेक्षा कोट अंगावर घालावा, फाटला तर रफू करावा, जुनं ठिगळ मात्र काढू नये. ते दुसऱ्याच्या हातचं लेखन आहे.

आणि एवढ्या मायेने परदेशी कोट जपणाऱ्याने घरातल्या निवृत्त फिटरचा शर्टही पाहावा. आपल्याकडे असे शर्ट बोहारणीकडे जातात किंवा पुसायला निघतात. त्यातला एक तरी राखावा, सोबत चिठ्ठी ठेवावी: कुणाचा, कुठल्या खात्यातला, कोणत्या यंत्रावरचा. फ्रेंच कोटाचा धनी आपल्याला अंदाजानेच ओळखावा लागतो. नगरच्या कामगाराचं नाव तर अजून विचारून लिहिता येतं.