एक जीबीचा वळसा

ड्रायव्हर म्हणजे 'हार्डवेअर चालवणारी आज्ञावली', एवढे सांगून आपण वर्गात पुढे सरकतो. पण हार्डवेअरच सदोष असेल तर? लिनक्समधील 'बी४४' हा ड्रायव्हर यासाठी वाचण्याजोगा आहे. तो ब्रॉडकॉमच्या बीसीएम ४४०१ या १०/१०० मेगाबिट नेटवर्क चिपसाठी लिहिलेला असून त्याची आज्ञावली कोणालाही पाहता येते.

नेटवर्क कार्ड संगणकाच्या मेमरीत स्वतःच वाचते-लिहिते; प्रोसेसरला प्रत्येक बाइट हलवावा लागत नाही. याला डीएमए म्हणतात. पीसीआय कार्डाकडून ३२ बिटांच्या पत्त्याची, म्हणजे ४ जीबीपर्यंतच्या पोहोचीची अपेक्षा असते. ही चिप ३० बिटांवर थांबते: १,०७,३७,४१,८२४ बाइट, त्यापुढे नाही. शाळेच्या शिपायाकडे फक्त तळमजल्याच्या किल्ल्या असाव्यात, तसे.

ड्रायव्हरने काढलेला मार्ग सरळ आहे. पाठवायचे पॅकेट १ जीबीच्या वर असेल, तर खाली नवी जागा मागायची, पॅकेट तेथे नकलायचे आणि कार्डाला ती नक्कल दाखवायची. येणाऱ्या पॅकेटसाठीही आधी नेहमीसारखीच जागा मागितली जाते. वरची मिळाली, तर ती परत करून खालची. दोष सरसकट गृहीत न धरता पत्ता तपासला जातो, हे आम्हांला आवडले. नकलण्याचा खर्चही फारसा नाही. १०० मेगाबिट म्हणजे एका दिशेने सेकंदाला फार तर १२.५ एमबी.

आमचा आक्षेप जागेबद्दल आहे. 'खालची जागा' म्हणजे नेहमीच्या पीसीवर पहिले १६ एमबी! जुन्या आयएसए कार्डांच्या २४ बिटी पत्त्यांसाठी राखलेला हा पट्टा. मुभा १ जीबीची, आणि वापरायचा तिचा चौसष्टावा भाग. लेखकांचा नाइलाज समजतो, कारण पीसीवरच्या कर्नलमध्ये १ जीबीला संपणारा विभागच नाही. एकदा अडचण आली, की पुढची पॅकेटे साध्या मेमरीत नकलून ती दुर्मीळ जागा लगेच पुन्हा कार्डाला द्यायची, ही सोयही त्यांनी केली आहे.

हा हार्डवेअरचा दोष आहे, असे आज्ञावलीत स्पष्ट लिहिले आहे. शेजारी विरामचिन्हांचा एक हिरमुसला चेहराही आहे. वाचणाऱ्याला ते कळते. वापरणाऱ्याचे काय? ३२ बिटी कर्नलच्या नेहमीच्या मांडणीत पॅकेटे ८९६ एमबीच्या आतच राहत, म्हणून दोष झाकलेला होता. ६४ बिटी कर्नल आणि २ जीबी मेमरी आली, की तो उघडा पडू शकतो. तेव्हा खाली जागा मिळाली नाही, तर पॅकेट पाठवणे लांबणीवर पडते. पण नक्कल सुरू झाली आहे, अशी एक ओळही ड्रायव्हर संगणकाच्या लॉगमध्ये लिहीत नाही.